डोळे मिटून घेतलेलं नाव

आम्ही गाव सोडलं त्या सकाळी टेम्पोवाल्यानं तीन वेळा इंजिन सुरू केलं आणि तीन वेळा बंद केलं. सामान केव्हाच चढलं होतं. दोन ट्रंका, शिवणयंत्र, साहेबांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, पुस्तकांची पोती, त्यावर गुंडाळलेल्या गाद्या. पण चर्चच्या मंडळीची प्रार्थना काही संपत नव्हती. एकाचं 'आमेन' झालं की दुसऱ्याला तोंड फुटायचं. नेवाशाजवळच्या आमच्या त्या खेड्यात पाळकाची बदली झाली की निम्मं गाव रस्त्यावर येतं, आणि प्रत्येकाला देवाच्या कानावर काही ना काही घालायचं असतं.

शेवटी मार्थामावशी पुढं झाली. मंडळीतली सगळ्यांत म्हातारी बाई, आवाज मात्र हाळी घालणारा. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि साऱ्यांसमोर देवाला सांगितलं, "बापा, आमची बाई पुन्याला चाललीया. दोन डाव तिची कूस भरली अन् दोन डाव रिकामी झाली, तुला ठावं हाय. सासूसंगं तिचं पटत न्हाई, त्येबी तुला ठावं हाय. तिथं तिला कुनी न्हाई. तिला रडाया एक मानूस दे." सासूबाई माझ्यापासून दोन हातांवर उभ्या होत्या. त्यासुद्धा 'आमेन' म्हणाल्या.

मला लाज वाटली नाही. पुण्यात हे कुणाला सांगितलं तर पटत नाही. उलट टेम्पोत बसल्यावर वाटलं की माझं सगळं दुःख या लोकांनी वाटून घेतलं, माझ्या वाट्याला आता थोडंच उरलं.

हे तुमच्यासाठी लिहिते आहे, गावाकडच्या मंडळीसाठी. आमच्यासारखे जे कुणी उठून शहराच्या कडेला येऊन पडले, त्यांनीही वाचावं. मागच्या नाताळात मी गावी आले, तेव्हा तुम्ही मला शेवटची प्रार्थना करायला सांगितलीत. मी चार वाक्यांत उरकली, आणि तीत कुणाचंच नाव नव्हतं. घरी जाताना कुणीतरी माझ्या मागं म्हणालं, "बाईची प्रार्थना आता शहरी झाली." मी ऐकलं. उत्तर द्यायला थांबले नाही, थांबणं मला जमतही नाही. ते उत्तर आता देते.

माझे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. माझं लग्न पाळकाशी ठरलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "पाळकाच्या बायकोला नेमणूक नसते आणि रजाही नसते." आईचं म्हणणं आणखी साधं होतं. "सकाळी ज्या घरचा धूर दिसला नाही, त्या घरी आधी जायचं." गावात मी तेच केलं. साहेब रविवारी उपदेश करायचे, आणि सोमवार ते शनिवार मी घरं फिरायची. कुणाची चूल का पेटली नाही, कुणाची लेक माहेरी का परतली, हे मला तुमच्याआधी कळायचं. मग बुधवारच्या प्रार्थनेला मी नाव घेऊन ते देवापुढं मांडायची आणि चारही बाजूंनी 'होय, प्रभो' असं यायचं. दुसऱ्या दिवशी त्या घरी कुणी पीठ घेऊन जायचं, कुणी नुसतंच जाऊन बसायचं. प्रार्थनेची ही रीत मला आईच्या हातच्या भाकरीइतकी सवयीची होती.

साहेबांची नेमणूक पुण्याच्या कडेला, मांजरी गावाच्या बाजूला होती. तेव्हा तिथं ऊस होता, आणि उसाच्या मधूनच चार-पाच मजली इमारती वर यायला लागल्या होत्या. मंडळीला स्वतःची इमारत नव्हती, रविवारी एका शाळेचा हॉल मिळायचा. येणारी सगळी तरुण पोरं-पोरी. कुणी जालन्याचं, कुणी मिरजेचं, कुणी सोलापूरचं. कॉम्प्युटर शिकून आलेली, गळ्यात कंपनीचं कार्ड. काहीजण उपासनेतही ते काढायचे नाहीत. त्यांच्या बोलण्यात शिफ्ट, प्रोजेक्ट, ऑनसाइट असले शब्द यायचे. माझं मराठी ऐकून ती हसायची, पण प्रेमानं.

आम्हाला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. पहिल्या आठवड्यात मी सकाळी उठून गॅलरीत उभी राहायची, आणि बघायचं काय हेच कळायचं नाही. धूर कुठून दिसणार? सगळ्यांकडे गॅस. पायाला भिंगरी लागलेल्या बाईनं तिसऱ्या मजल्यावर काय करायचं? मी उगाचच जिने चढायची, उतरायची. खालचा वॉचमन विचारायचा, "काय हरवलंय का, ताई?"

मग एक दिवस निघालेच. कॅम्पातल्या जुन्या ख्रिस्ती घरातल्या, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या एक बाई आमच्या मंडळीत येत. त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, आपण आलात, आनंद झाला. फोन करून आला असतात, तर आणखी झाला असता." चहा मात्र त्यांनी चांगला दिला. मी घरी आले आणि उशीत तोंड खुपसून रडले. मार्थामावशीनं माझ्यासाठी मागितलेलं माणूस अजून आलं नव्हतं.

त्याच सुमारास साहेब समुपदेशनाच्या दोन आठवड्यांच्या शिबिराला जाऊन आले. येताना एक जाड फाइल आणि एक नवा शब्द घेऊन आले, गोपनीयता. जेवताना मला समजावून सांगत होते की माणूस आपल्यापाशी जे बोलतो ते त्याच्या परवानगीशिवाय बाहेर जाता कामा नये.

मी विचारलं, "म्हणजे देवालाही सांगायचं नाही?"

"देवाला सांग," ते म्हणाले. "मोठ्यानं सांगू नकोस."

मी हसले. मला वाटलं, शिबिराला गेलेली माणसं असंच काहीतरी शिकून येतात.

आता सुहासचं सांगते. सुहास आणि रूपाली ही त्यांची खरी नावं नाहीत. लिहायची परवानगी रूपालीनं दिली आहे आणि ही नावंही तिनंच निवडली. सुहास जालन्याकडचा. हडपसरच्या पुढं एका कंपनीत प्रोग्रॅमर होता आणि मंडळीत कीबोर्ड वाजवायचा. रूपालीला सातवा महिना होता. तिचं ब्लडप्रेशर वाढलेलं, डॉक्टरांनी सांगितलं होतं की तिला कसला धक्का बसू देऊ नका.

एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास सुहास आमच्या दारात उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला ऑफिसची बॅग. साहेब सभेसाठी चार दिवस मिरजेला गेले होते, आणि तेव्हा आमच्याकडे मोबाइलही नव्हता. "मग नंतर येतो," म्हणाला, पण हलला नाही. मी त्याला आत घेतलं, पोहे टाकले. अर्धी बशी झाल्यावर तो बोलला.

"बाई, नोकरी जाऊन सहा आठवडे झाले. अमेरिकेचं काम थांबलं, आमची अख्खी टीम काढली. रूपालीला माहीत नाही."

"मग रोज डबा घेऊन जातोस कुठं?"

"खडकवासल्याला. बसनं. तिकडं आपलं ओळखीचं कुणी नाही. धरणाजवळ बसतो, डबा खातो, पाचच्या बसनं परत." मग बशी बाजूला सारून म्हणाला, "पाण्याकडं बघत बसलं की कधी कधी डोक्यात नको ते येतं."

मी त्याचं मनगट धरलं आणि सांगितलं की उद्यापासून धरणावर जायचं नाही, डबा घेऊन इथं यायचं. साहेबांच्या टेबलावर बस, अर्ज लिही, झोप, काहीही कर, पण इथं. तो आला, बुधवारीही आणि गुरुवारीही. मी स्वयंपाकघरातून मधूनमधून डोकावून बघायची, खुर्चीत माणूस आहे ना. शनिवारी त्याची एक मुलाखत होती. "काहीही होवो, रविवारी मीच तिला सांगीन," तो म्हणाला. "तोवर कुणाला सांगू नका, बाई." मी शब्द दिला. मनापासून दिला.

शुक्रवारी संध्याकाळी घरप्रार्थना असायची, दर आठवड्याला वेगळ्या घरी. त्या शुक्रवारी ती नेमकी सुहास-रूपालीच्या घरी होती. पंधराएक माणसं सतरंजीवर बसली होती. रूपाली वेताच्या मोढ्यावर, भिंतीला टेकून. गीतं झाली, बायबलमधलं वचन वाचून झालं. साहेब नव्हते, म्हणून शेवटची प्रार्थना मी करावी असं ठरलं. त्या घरासाठी आशीर्वाद मागायचा होता, बाकी काही नाही.

जीभ घसरली असं म्हणून मी सुटू शकत नाही. तीन दिवस ते ओझं मी एकटीनं उचललं होतं, रात्रंदिवस मला ते पाणी दिसत होतं, आणि ओझं उतरवायची मला एकच जागा ठाऊक होती. डोळे मिटले आणि मी पुण्यात राहिलेच नाही. "प्रभो, या घराला सांभाळ," असं म्हणाले आणि पुढं आपसूक आलं, "तुझ्या लेकराची, सुहासची नोकरी गेली आहे. उद्याच्या मुलाखतीत त्याचा हात धर. त्या धरणाच्या पाण्यापासून त्याला दूर ठेव, बापा, त्याला त्याच्या बाळाचं तोंड बघू दे."

'होय, प्रभो' असं कुणी म्हटलं नाही. तेव्हा मला कळलं मी कुठं आहे. मी डोळे उघडले. सगळ्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते, गरजेपेक्षा जास्तच घट्ट. रूपालीचे तेवढे उघडे होते आणि ती सुहासकडे बघत होती. सुहासनं मान खाली घातली होती. मी कसंबसं 'आमेन' म्हटलं. कुणीतरी घाईघाईनं गीत सुरू केलं, आणि त्या दिवशी कीबोर्डाशिवायच ते झालं.

त्यानंतर रूपालीनं सगळ्यांना चहा दिला. मला कप देताना तिनं विचारलं, "बाई, साखर घेता ना?" तिचा हात स्थिर होता.

साहेब असते तर म्हणाले असते, थांब, त्या दोघांना एकमेकांशी बोलू दे. पण ते नव्हते, आणि थांबणं माझ्या रक्तात नव्हतं. सकाळी सात वाजता मी त्यांच्या दारात. सुहासनं दार उघडलं. मुलाखतीसाठी तयार होत होता, गालाला साबण तसाच. मी माफीचं पहिलं वाक्य उच्चारायच्या आत तो शांतपणे म्हणाला, "बाई, फोन करून यायचं असतं." आणि दार लावलं. आपल्या भागातला पोरगा, घरी गेलं की आधी पाणी देणारा.

ती नोकरी त्याला मिळाली नाही. मुलाखत चांगली झाली नव्हती, असं नंतर कानावर आलं. माझ्यामुळं का, ते मला कधीच कळणार नाही. रूपाली बाळंतपणाला माहेरी गेली, मुलगा झाला, दोघं सुखरूप राहिली. सुहासला बंगलोरला काम लागलं. जाताना त्यांनी मंडळीकडून सभासदत्वाचा दाखला मागितला. साहेबांनी सही केली. मला साहेबांनी एका शब्दानं दुखावलं नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला.

एकदा मीच त्यांना डिवचलं. "बोला की. फाइलमध्ये काय लिहिलंय ते तरी वाचून दाखवा."

ते म्हणाले, "फाइल राहू दे. बायबलमधला तो माणूस आठव, ज्याचं सगळं गेलं, लेकरंसुद्धा. त्याचे मित्र आले आणि सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तोवर ठीक होतं. बिघडलं ते त्यांनी तोंड उघडल्यावर."

"मला बसता येत नाही, तुम्हाला ठाऊक आहे."

"म्हणून तर सांगतोय."

नंतरची दोन वर्षं वाईट गेली. लोक नमस्कार करायचे, लेकरांना माझ्याकडे धाडायचे, पण दुःख घेऊन कुणी यायचं नाही. एक मुलगी आली, निम्मं बोलली आणि मध्येच म्हणाली, "बाई, नाव घेऊ नका हं." ती बरोबरच होती. वाटायचं, टेम्पो बोलवावा आणि सरळ परत जावं. एकदा खरंच आले होते, आठवतं? आठ दिवस राहायला म्हणून आले आणि तिसऱ्या दिवशी परतले. तिथंही चैन पडेना. तुम्ही मोकळेपणानं एकमेकांची नावं घेत होता आणि मला प्रत्येक नावाला रूपालीचे उघडे डोळे दिसत होते.

मग मी समुपदेशनाचं शिक्षण घेतलं. साहेबांच्या दुप्पट दिवसांचं. चाळिशीत वही घेऊन शिकायला बसले. ऐकायचं कसं, हे मला एका पंचविशीतल्या पोरीनं शिकवलं. माणूस बोलताना आपण मध्ये पडायचं नाही, घाईनं वचन हाती द्यायचं नाही, रडणाऱ्याला लगेच गप्प करायचं नाही. आणि कुणी मरणाची भाषा बोललं तर ते एकटीनं पोटात ठेवायचं नाही. मदत कुणाची घ्यायची, हे त्याच माणसाला विचारून, त्याच्यासमोर ठरवायचं. हे शेवटचं मला त्या मंगळवारी ठाऊक असतं तर बरं झालं असतं.

आता मंडळीची स्वतःची इमारत आहे. ऊस गेला, टॉवर आले, प्रत्येक गेटवर नाव लिहून घेतात आणि इंटरकॉमवर विचारल्याखेरीज आत सोडत नाहीत. इमारतीच्या मागच्या बाजूला एक लहान खोली आहे, दर गुरुवारी दुपारी मी तिथं बसते. आमची लेक पुण्यातच जन्मली. तिला गाव म्हणजे सुट्टी. ती म्हणते, "आई, तू खुर्चीत बसलेली असलीस तरी निघाल्यासारखी दिसतेस." खरं आहे. दोन्ही पावलं जमिनीला टेकवून बसायचं, असं मी स्वतःला अजून बजावत असते. आणि आता तुमच्या मंडळीचाही मोबाइलवर ग्रुप आहे. प्रार्थनेचे विषय त्यावर येतात, नावानिशी, कधी फोटोसकट. कुणाच्या सुनेचं, कुणाच्या पोराच्या दारूचं. नावं तीच, पण आता ती ऐकणारे सगळे सतरंजीवर नसतात, आणि दुसऱ्या दिवशी पीठ घेऊन कुणी जात नाही. तेवढं ध्यानात घ्या.

मागच्या महिन्यात रूपालीचा फोन आला. बंगलोरहून परत येऊन त्यांना तीन वर्षं झाली आहेत, राहायला वारज्याला, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. मंडळीही तिकडचीच. ती म्हणाली, "बाई, फोन करून येतेय." हसली नाही, पण मला तिचा टोमणा कळला. मला तो आवडलाही.

गुरुवारी ती त्या खोलीत आली, बसली. केस कानांजवळ पांढरे झालेत. मी विचारलं, वारज्याला तुमचे पाळक आहेत, चांगले आहेत, मग माझ्याकडे का?

"तुमचं कुठं चुकतं ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "बाकीच्यांचं अजून कळायचंय."

सुहास माझ्याशी अजून बोलत नाही. ती इथं आलीय हे त्याला माहीत आहे आणि त्यानं नाही म्हटलं नाही, एवढं तिनं सांगितलं. मग ती दोन तास बोलली. मी मध्ये पडले नाही. एकदाही उठले नाही, पाणी आणायच्या निमित्तानंसुद्धा नाही. बोलून झाल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "आता प्रार्थना करा."

मी म्हटलं, "मनातल्या मनात करूया."

"नको. मोठ्यानं करा. माझं नाव घेऊन." मग तीच पुढं म्हणाली, "त्या दिवशी मला तुमचा फार राग आला होता, बाई. अजूनही थोडा आहे. पण तुम्ही त्याच्यासाठी जसं मागितलंत, तसं कुणी कुणासाठी मागताना मी नंतर ऐकलं नाही. फक्त लोक नकोत."

तुम्ही दरवेळी विचारता, बाई, आता घर कुठलं मानायचं, इथलं की तिथलं? इतकी वर्षं मला उत्तर येत नव्हतं. गावात माझं नाव उघड्यावर घेतलं गेलं आणि मी तरले. इथं मी एकाचं नाव तसंच घेतलं आणि त्याचं दार मला बंद झालं. दोन्हीकडून पाय निघालेली बाई मी, कुठं टेकणार? त्या गुरुवारी कळलं. जिथं कुणी आपलं नाव मोठ्यानं घ्यायला सांगतं आणि ते बाहेर जाणार नाही याची त्याला खात्री असते, तेवढी जागा मला घर म्हणून पुरते. ती चार हात लांब आणि चार हात रुंद असली तरी चालेल.

मी उठले, दार लावून घेतलं, परत येऊन बसले आणि तिचं नाव घेतलं. पुढचं मी तुम्हाला सांगणार नाही.